शंभराला किती?

क्लॅरी नोस्केनं आयुष्यात कुणाचं किलोभर वजनसुद्धा कधी चोरलं नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा, आणि त्याच्याआधी पिल्कारा गावातले शेतकरी सांगायचे. गव्हाच्या सायलोपाशी, म्हणजे उंच कोठारांपाशी, वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं चौतीस हंगाम काढले. नोव्हेंबर लागला की पहाटेपासून ट्रकांची रांग, धूळ, माश्या आणि खिडकीतून बाहेर आलेलं क्लॅरीचं लांब नाक. ट्रक काट्यावर चढला, आकडा स्थिर झाला, की क्लॅरी तो मोठ्यानं वाचायचा. काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्यानं चढायचा. आकडा दोन टप्प्यांच्या मध्ये घुटमळायला लागला की क्लॅरी हात बांधून बसायचा. मागे अठरा ट्रक भोंगे वाजवत असले तरी बसायचा.

"अरे क्लॅरी, पुढच्या वर्षीची पेरणी आली की!" रांगेतून कुणीतरी ओरडायचं.

"वारा पडू दे. वारा बसलाय काट्यावर," क्लॅरी आतून म्हणायचा.

शेतकरी त्याला तोंडभर शिव्या द्यायचे आणि त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला भेट दिली ती घड्याळाची नाही. काटा तपासायला वापरत असत त्या जुन्या लोखंडी वजनांतली दोन वजनं, वीस-वीस किलोंची, घासूनपुसून, प्रत्येकावर पितळी पाटी ठोकून: 'क्लॅरेन्स नोस्के, चौतीस हंगाम, एकच काटा.' क्लॅरीनं घरी आणून ती वजनं व्हरांड्यात दाराच्या दोन बाजूंना ठेवली. वाल्डाचा झाडू रोज त्यांना अडकायचा आणि रोज ती म्हणायची, "तुझे हे दोन पहारेकरी कधीतरी माझा पाय मोडणार."

वाल्डा ही त्याची बायको, माहेरची फिट्झ्नर. ती अकॉर्डियन वाजवायची. त्या बाजूच्या सगळ्या जर्मन वळणाच्या घरांत कुणी ना कुणी काही ना काही वाजवायचंच, पण लग्नकार्यात, कापणीच्या सणाला, चर्चच्या हॉलमधल्या शनिवारच्या नाचाला बोलावणं यायचं ते वाल्डाला. बाजा तिच्या वडिलांचा, लाल शिंपल्यासारख्या चकाकत्या अंगाचा. क्लॅरीला नाचता येत नव्हतं. बावीस वर्षांचा असताना तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि स्टेजवरच्या मुलीकडे बघायचा. तिलाही खाली उतरून नाचता येत नसे, कारण ती उतरली की नाच बंद. दोघांचं जमलं ते असं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांबरोबर एकदाही नाचले नाहीत, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

साठी उलटल्यावर आमच्याकडची माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर गुडघे बदलून घेतात, नाहीतर कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन देश बघायला निघतात. नोस्के मंडळींनी दुसरी वाट धरली. फक्त क्लॅरीनं कॅरव्हान अशी निवडली की मुलीसाठी स्थळ बघणारा बापही इतकी चौकशी करत नाही. दोन वर्षं तो माहितीपत्रकं जमवत होता. अ‍ॅडलेडच्या प्रदर्शनात तीन दिवस फिरला. विक्रेते सोफे दाखवायचे, तो चाकांजवळ वाकून वजनाची पाटी वाचायचा.

"आतून तर बघा साहेब, केवढी ऐसपैस आहे!"

"ऐसपैस मी ओढणार नाही, माझी गाडी ओढणार आहे. रिकामी किती भरते ते सांग."

त्याची गाडी मध्यम ताकदीची, डिझेलवर चालणारी, आठ वर्षं जुनी. ती बदलायची नाही आणि तिच्या मागे असं काहीतरी लावायचं की ती शंभर किलोमीटरला साडेबारा लिटरच्या वर डिझेल पिणार नाही, हा त्याचा पण. शेवटी त्याला मिळाली: फायबरची, छोटी, गोलसर, छप्पर खाली दाबून बसवता येणारी म्हणजे वाऱ्याला कमी अंग देणारी, रिकामी एक हजार ऐंशी किलो. विक्रेता म्हणाला, "गाडीला कळणारसुद्धा नाही मागे काही आहे म्हणून." क्लॅरीला इतकं मधाळ बोलणं आवडत नसे. त्या दिवशी मात्र आवडलं.

मग सुरू झालं घरातलं वजन. स्वयंपाकघरातला काटा टेबलावर कायमचा मांडला. दोन ताटल्या, दोन काटेचमचे, एक तवा. वाल्डाच्या पाककृतींच्या वह्यांतली लागतील तेवढी पानं फाडून घेतली. तिच्या हातचं काकडीचं लोणचं काचेच्या बरण्यांत असायचं, म्हणून तेही रद्द. दात घासायच्या ब्रशाच्या दांड्या क्लॅरीनं करवतीनं अर्ध्या केल्या. वाल्डा हसत होती. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर हसण्यावाचून दुसरं काय करणार?

मुलीच्या, लीअ‍ॅनच्या वाढदिवसाला सगळे जेवायला जमले होते. केक कापून झाल्यावर वाल्डा सहज म्हणाली, "बाजा पलंगाखाली बसेल. मी माप घेतलंय."

क्लॅरीनं मान हलवली. "अकरा किलो आहे तो. पेटीसकट."

"मग?"

"मग काय? प्रत्येक चढाला अकरा किलो वर ओढायचे. वाल, तू महिन्यातून दोनदा वाजवणार, आणि गाडी रोज भरणार त्याचा दंड."

जावई हसला. लीअ‍ॅन म्हणाली, "बाबा, अहो अकरा किलोंनी काय होतंय?"

"आज अकरा, उद्या बावीस. काट्यावर सगळे सारखे," क्लॅरी म्हणाला. हे त्याचं वजनकाट्याच्या खोलीतलं जुनं वाक्य होतं आणि ते सगळ्यांसमोर म्हणताना त्याला बरं वाटलं. वाल्डानं बशीतला चुरा बोटानं गोळा केला आणि पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी क्लॅरीनं कॅरव्हान पहिल्यांदा रस्त्यावर काढली. एकटाच होता. ऐंशीच्या वर वेग गेला आणि मागचं धूड डावी-उजवीकडे झुलायला लागलं, शेपटीनं गाडीला हलवायला लागलं. कडेला थांबून क्लॅरीनं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसंच झालं होतं. पाण्याची टाकी मागे, जादा चाक मागे, आणि पुढं सगळं हलकं करून टाकलेलं. जिथं कॅरव्हान गाडीला जोडतात त्या नाकावर वजनच नव्हतं. इतकं हलकं निवडायच्या नादात वजन कुठं हवं हेच तो विसरला होता. चौतीस हंगाम काट्यावर बसलेला माणूस!

पुढच्या रविवारी पाठ धरल्याचं सांगून तो चर्चला गेला नाही. वाल्डा गेल्यावर त्यानं व्हरांड्यातली दोन्ही लोखंडी वजनं उचलून कॅरव्हानच्या नाकावरच्या पेटीत ठेवली, वर गव्हाचं जुनं पोतं टाकलं आणि त्यावर पाण्याचे पाइप. नंतर वाल्डानं विचारलं, "पहारेकरी कुठे गेले रे?" तेव्हा तो म्हणाला, "शेडमध्ये ठेवले. तुझा पाय मोडला असता ना?" ती म्हणाली, "शेवटी सुचलं तुला!"

चाळीस किलो. कॅरव्हान रुळावरून चालल्यासारखी चालायला लागली. आणि त्याच दिवशी, पाइपची गुंडाळी करता करता, क्लॅरीच्या मनात आलंच होतं की नाकावरच्या या पेटीत अकॉर्डियन बसला असता. लोखंड थोडं कमी केलं असतं. बाजाला तिथं नुसती जागाच होती असं नाही, त्याची गरजही होती. पण तसं सांगायचं म्हणजे वाढदिवसाच्या टेबलावर बोललेलं सगळं गिळायचं. त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि कुलूप घातलं.

नऊ दिवसांनी वाल्डा म्हणाली, "घरात पडून बाजाचे भाते कुजतील. इर्माला देऊन टाकते." इर्मा तिची शाळेपासूनची मैत्रीण, पोर्ट लिंकनच्या वृद्धाश्रमात राहायची. क्लॅरीनंच गाडीनं नेलं. पार्किंगपासून इर्माच्या खोलीपर्यंत बाजाची पेटी त्यानंच उचलून नेली. ती हातात अगदी हलकी लागत होती. वृद्धाश्रमाच्या लांब ओसरीतून चालताना तोंड उघडायला त्याला पुरती तीन मिनिटं मिळाली होती. तो हवापाण्याबद्दल बोलला.

मे महिन्यात ती दोघं पश्चिमेकडे निघाली.

कॅरव्हानवाल्यांचा एक रिवाज आहे. दुपारचे चार वाजले की मुक्कामावरचा प्रत्येक जण आपली घडीची खुर्ची, आपला पेला आणि काहीतरी खायचं घेऊन बाहेर येतो. खुर्च्यांचं कोंडाळं होतं. कुठून आलात, कुठं निघालात, हे दोन प्रश्न झाले की तिसरा ठरलेला: शंभराला किती? म्हणजे शंभर किलोमीटरला किती लिटर. या प्रश्नाला बाप्यांची छाती फुगते तरी नाहीतर खुर्चीत खचते तरी. आणि खरं सांगायचं तर त्या कोंडाळ्यात जितकं खोटं बोललं जातं तितकं मासे पकडणाऱ्यांतही बोललं जात नाही.

क्लॅरी सांगायचा, "बारा पॉइंट चार."

हा आकडा खोटा नव्हता. एकदा, एकाच दिवशी, पाठीमागून वारा असताना खरोखर बारा पॉइंट चार आला होता. बाकी दिवस चौदाच्या पुढेच. पण बारा पॉइंट चार ऐकून समोरच्यांच्या भुवया वर जायच्या आणि क्लॅरीला ती खिडकी, ती रांग आठवायची.

"कसं जमवलंस बाबा?"

"शिस्त," क्लॅरी म्हणायचा. मग गोष्ट सुरू. अर्ध्या दांडीचे ब्रश. फाडलेल्या वह्या. आणि शेवटी हुकमाचं पान: "अहो, हिचा बाजासुद्धा घरी ठेवला! अकरा किलो. मी म्हटलं, वाल, तू मला पाहिजेस, बाजा नको. आणि तुझंही वजन केलंय मी, जेमतेम पास झालीस!"

लोक खो खो हसायचे. वाल्डाही हसायची आणि चीजची बशी फिरवायची. पाच आठवड्यांत ही गोष्ट तिनं बावीस-तेवीस वेळा ऐकली असेल. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तिचं हसू जरा लवकर यायला लागलं, गोष्ट संपायच्या आधीच. क्लॅरीला वाटलं, तिलाही रंगतेय.

सेडूनाच्या पुढं, नलारबॉरच्या सपाट माळाला लागायच्या आधी एक मोकळा मुक्काम आहे. त्या दिवशी समोरून असा वारा होता की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागत होते. चारला झुडपांच्या आडोशाला सहा-सात खुर्च्या जमल्या. त्यात बेव्ह नावाची एक बाई होती. साठीच्या पुढची, दंड अजून मजबूत, आयुष्यभर तीन-तीन डब्यांचे लांब ट्रक उत्तरेच्या वाळवंटातून हाकलेली. तिची कॅरव्हान जुनी, अवजड, पत्र्याला पोचे आलेली. पायाशी एक धिप्पाड कुत्रा.

"शंभराला वीस," तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "पुढचा!"

क्लॅरीनं बारा पॉइंट चार सांगितले. शिस्तीपासून बाजापर्यंत सगळी गोष्ट सांगितली. लोक हसले. बेव्ह हसली नाही.

"अकरा किलो?" ती म्हणाली. "अरे, अकरा किलोंनी शंभराला बूचभर डिझेल जास्त जात नसेल. सपाट रस्त्यावर वजन कुठं पितंय? वारा पितो. दहानं वेग कमी कर, त्यात अख्खा बँड ओढशील. हा माझा कुत्रा बेचाळीस किलोंचा आहे, आणि त्याला एक सूर येत नाही."

आता लोक खूपच हसले. क्लॅरीही हसला, पण त्याचे कान तापले. त्यानं वाल्डाकडे बघितलं नाही.

"पण एक कबूल," बेव्ह पुढं म्हणाली. "दुपारी तासभर मी तुझ्या मागे होते. या जातीच्या हलक्या व्हॅन अशा वाऱ्यात दारुड्यासारख्या झुलतात. माझ्या बहिणीची हीच आहे, तिनं भीतीनं घरी उभी करून ठेवलीय. तुझी जरासुद्धा हलली नाही. नाकावर काय भरलंयस?"

बाईला खरोखरच कौतुक वाटलं होतं. वाईट तेच झालं.

"काही नाही," क्लॅरी म्हणाला. "नीट भरलंय, इतकंच."

"दाखव की. बहिणीला सांगते."

"पाइप आहेत नुसते. उद्या सकाळी बघू. आता कोण उठतंय?"

"मी उठते!" वाल्डा म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी क्लॅरीच्या हुशारीचं काही उपयोगाचं विचारलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं. किल्ल्यांचा जुडगा तिच्याच मांडीवर होता. नाकावरची पेटी म्हणजे पाइप, ग्रीस, कळकट चिंध्या. ती क्लॅरीची बाजू, तिनं कधी उघडली नव्हती. "चल बेव्ह. हा लाजतोय."

क्लॅरी "वाल" म्हणाला. पण ते वाऱ्यात गेलं.

कुलूप उघडलं. पाइप बाजूला झाले. वाल्डानं पोतं उचललं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. उतरतं ऊन त्या पितळी पाट्यांवर पडलं होतं. बेव्हनं वाकून वाचलं, "क्लॅरेन्स नोस्के, चौतीस हंगाम..." आणि अर्ध्यावर थांबली. ती काही खुळी नव्हती. बाजाची गोष्ट तिनं आत्ताच ऐकली होती.

"चाळीस," वाल्डा हळू म्हणाली.

क्लॅरी खुर्चीतून उठला होता, पण पुढं जायला त्याचे पाय उचलले नाहीत. असं त्याला आयुष्यात एकदाच झालं होतं. नवव्या वर्षी, चर्चमध्ये दानाच्या थाळीतलं नाणं उचलताना पाद्र्यानं बघितलं तेव्हा. तेव्हाही पाद्री काही बोलला नव्हता.

वाल्डानं पोतं पुन्हा नीट पसरलं, चारी कोपरे खोचले. पाइप ठेवले. कुलूप लावून ती परत आली, खुर्चीत बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बेव्हला म्हणाली, "क्लॅरी जन्मभर वजनातच होता. कुठं काय ठेवावं ते त्याला कळतं. तुझ्या बहिणीला सांग, नाकावर चाळीस किलो."

आणि तिनं चीजची बशी फिरवली.

तिनं त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं तर क्लॅरीला सोसलं असतं. झाकलं ते त्याला सोसेना. जेवताना त्यानं दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मीठ दे."

सकाळी सहालाच तो उठला. पेटी उघडून त्यानं एक वजन बाहेर काढलं आणि पोटाशी धरून झुडपांकडे निघाला. अडुसष्ट वर्षांची पाठ. वीस पावलांवर दम लागला. मागून आवाज आला, "कुठे निघालास?"

वाल्डा झोपायच्या कपड्यांवर त्याचंच जाकीट घालून उभी होती.

"टाकून देतो. दोन्ही."

"आणि मग? वारा आजही आहे. व्हॅन उलटवून मारणार आहेस का मला?"

क्लॅरीनं वजन जमिनीवर ठेवलं. उभं राहवेना म्हणून त्यावरच बसला.

"कधी ठेवलीस?" तिनं विचारलं.

"पाठ धरली होती त्या रविवारी."

ती मनात मोजत होती, त्याला दिसत होतं. "म्हणजे इर्माकडे जायच्या आधी."

"नऊ दिवस आधी."

"बाजाची पेटी तूच उचलली होतीस."

"हो."

"मग बोलला का नाहीस, क्लॅरी? तिथं दारात म्हणाला असतास, वाल, चल परत, चुकलं माझं, तर मी काय तुला खाल्लं असतं? मी हसले असते रे. जन्मभर हसले असते."

"तोंड नव्हतं," क्लॅरी म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. मला लाज वाटली."

"तेव्हा लाज वाटली आणि रोज चार वाजता नाही वाटली?"

तो म्हणाला, "परत फिरू. दोन दिवसांत लिंकनला पोचू. इर्माला मी सांगतो, मी माफी मागतो—"

"इर्मा तो उशाशी घेऊन झोपते. तिची मुलगी सांगत होती. मला ओळखत नाही आता, पण तिची बोटं बाजाला ओळखतात. दिलेलं तिच्या हातातून काढून घेऊ? तुझी लाज जावी म्हणून?" वाल्डानं जाकिटाची कॉलर वर केली. "ऊठ. ते उचलून ठेव जागेवर. गार लागतंय."

त्यानं ठेवलं. पाठ खरंच धरली.

तो सगळा दिवस क्लॅरी नव्वदच्या वर गेला नाही. त्यानं मनाशी ठरवलं होतं. चारला पुढच्या मुक्कामावर खुर्च्या मांडल्या गेल्या, नवी माणसं, जुना प्रश्न. क्लॅरी घसा साफ करून म्हणाला, "चौदा पॉइंट सहा. बारा पॉइंट चार सांगत आलो, ते खोटं." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. प्रदर्शन, वाढदिवस, झुलणारी व्हॅन, खोटी पाठदुखी, पोत्याखालचे पहारेकरी. काही झाकलं नाही. स्वतःला त्यानं इतकं गाढव करून दाखवलं की लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "कमाल माणूस आहेस! असं कबूल करायला छाती लागते!" क्लॅरीला खूप दिवसांनी हलकं वाटलं. त्यानं वाल्डाकडे बघितलं.

ती हसत नव्हती. बशीही तिनं फिरवली नव्हती.

खुर्च्या घडी करून परत येताना ती म्हणाली, "छान सांगितलीस."

"सगळं खरं सांगितलं, वाल."

"हो. कालपर्यंत माझ्या बाजावर लोक हसत होते, आज तुझ्यावर हसले. थाप तुझ्याच पाठीवर पडली." तिच्या आवाजात राग नव्हता, ती दमली होती. "माझ्या वडिलांचा बाजा होता, क्लॅरी. तो गेला, हे माझं झालं. त्याची गोष्ट कालही तूच सांगत होतास, आजही तूच सांगितलीस. मला कुणी विचारलं का?"

क्लॅरी दोन्ही खुर्च्या काखेत धरून उभा राहिला. जाहीर कबुली दिली की संपतं, असं त्याला चर्चमध्ये शिकवलं होतं. ती कुणासमोर द्यायची ते तो नीट शिकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माळ संपायला आला. वारा तसाच होता. चारला एक नवरा-बायको शेजारी येऊन बसली, नवीकोरी गाडी, नवीकोरी व्हॅन. नवऱ्यानं बाटली उघडता उघडता विचारलं, "शंभराला किती?"

"चौदा पॉइंट सहा," क्लॅरी म्हणाला आणि तोंड मिटून बसला.

"एवढ्या हलक्या व्हॅनला? का बरं?"

क्लॅरी वाल्डाकडे वळला. बोलायचं ते तिनं बोलावं, काय हवं ते बोलावं, जितकं लागेल तितकं, आणि आपण मधे एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवून तो थांबला. आकडा घुटमळताना तो जसा हात बांधून बसायचा, तसाच बसला. वाल्डानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ती त्या पाहुण्याकडे वळली.

"वारा," ती म्हणाली, आणि बशी पुढं केली.

पाहुण्यानं मान डोलावली, चीजचा तुकडा उचलला आणि पुढच्या पेट्रोलपंपाबद्दल बोलायला लागला. क्लॅरी मान खाली घालून बसून राहिला. तिनं सगळं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.